आरसा, कॅमेरा आणि क्लीनर

२०१८ च्या सप्टेंबरात जर्मनीतील हॅनोव्हर येथे भरलेल्या व्यापारी वाहनांच्या प्रदर्शनात डाइम्लर कंपनीने आपला नवा 'अ‍ॅक्ट्रॉस' ट्रक मांडला, तेव्हा पाहणाऱ्यांच्या प्रथम लक्षात आली ती त्यावर नसलेली वस्तू. चालकाच्या खोलीच्या दोन्ही बाजूंना हत्तीच्या कानांसारखे पसरलेले मोठे आरसे नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी छताच्या कडेला दोन बाहू आले होते. बाहूंच्या टोकांना कॅमेरे होते आणि आत समोरच्या काचेच्या दोन्ही खांबांवर दोन उभे पडदे होते. याची कायदेशीर वाट दोन वर्षे आधीच मोकळी झाली होती. वाहनांच्या अप्रत्यक्ष दृष्टीविषयी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा जो ४६ क्रमांकाचा नियम आहे, त्यात २०१६ साली बदल होऊन आरशाऐवजी कॅमेरा व पडदा वापरण्यास मान्यता मिळाली होती. अमेरिकेत २०१९ च्या फेब्रुवारीत मोटर वाहकांवर देखरेख ठेवणाऱ्या संघराज्य प्रशासनाने स्टोनरिज या कंपनीच्या अशाच प्रणालीसाठी पाच वर्षांची सूट दिली. २०२४ मध्ये ती पुढे वाढविण्यात आली.

एका यंत्राच्या जागी दुसरे यंत्र येणे ही काही अग्रलेखाचा विषय व्हावी अशी घटना नव्हे. परंतु ट्रकचा आरसा ही साधी वस्तू असली तरी तिच्यामागे रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या जिवाचा, चालकाच्या जबाबदारीचा आणि मालकाच्या हिशेबाचा असे तीन प्रश्न एकत्र गुंतलेले आहेत. सुरक्षेच्या नावाने जो बदल होतो तो या तिघांपैकी नेमका कोणाच्या सोयीसाठी होतो, हे तपासल्याशिवाय त्याचे स्वागत करता येत नाही, तसा विरोधही करता येत नाही. आणि महाराष्ट्रात हा प्रश्न एका वेगळ्याच दाराने आत आलेला असल्यामुळे येथील कामगार चळवळीला तो परका राहिलेला नाही.

प्रथम कॅमेऱ्याच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करावयास हवे. पावसाळी रात्री ओल्या काचेतून ओला आरसा पाहणे म्हणजे काय, हे कोणत्याही ट्रकचालकाला सांगावे लागत नाही. मागून येणाऱ्या वाहनांचे दिवे आरशात पडले की डोळे दिपतात. कॅमेरा ती झगमग कमी करतो आणि अंधारातले पुष्कळ काही उजळून दाखवितो. लांब ट्रेलर वळत असताना आरशात ट्रेलरची बाजू तेवढी दिसते आणि त्याचे मागचे टोक नजरेआड होते. नव्या प्रणालीत चित्र वळणाबरोबर सरकते आणि टोक दिसत राहते. शिवाय आरसा स्वतःच एक आडोसा असतो. चौकात तिरकस उभा असलेला माणूस आरशाच्या मागे अगदी पूर्ण झाकला जातो. तो आडोसा दूर झाला, तर चालकाला उघड्या डोळ्यांनी अधिक दिसू लागते. हे लाभ काल्पनिक नाहीत. यंत्र आले म्हणून कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही.

पण उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. आरशात पाहणारा चालक मान थोडी पुढे-मागे केली की दिसणारे क्षेत्र वाढवू शकतो. हे तो नकळत, दिवसातून शेकडो वेळा करीत असतो. पडद्यापुढे मान कितीही हलविली तरी चित्र तेच राहते. दुसरी गोष्ट डोळ्यांची आहे. आरशातील मागची गाडी पाहताना डोळा दूरवर स्थिरावलेला असतो. पडदा मात्र हाताच्या अंतरावर असतो. पंचेचाळिशी उलटलेल्या, जवळचे वाचण्यास चष्मा लागणाऱ्या चालकाला रस्त्यावरून पडद्यावर आणि पडद्यावरून रस्त्यावर नजर फिरविणे जड जाते, आणि युरोप-अमेरिकेतील चालकांत पन्नाशीच्या आसपासचे लोक फार मोठ्या संख्येने आहेत. अंतराचा अंदाज हा तर अनुभवाचा भाग आहे. वीस वर्षे आरशावर घडलेली नजर पडद्यासाठी पुन्हा घडवावी लागते. ज्या कंपनीने हा प्रकार प्रथम बाजारात आणला तिलाच २०२२ मध्ये दुसऱ्या पिढीच्या रचनेत कॅमेऱ्याचे बाहू सुमारे १० सेंटिमीटरने आखूड करावे लागले. सरळ मागे घेताना आरशाच्या सवयीत आणि पडद्यावरील चित्रात पडणारे अंतर कमी करणे हा त्यामागील हेतू होता. याचा अर्थ असा की पहिल्या पिढीचा ट्रक घेऊन रस्त्यावर उतरलेले चालक हे एका अर्थी प्रयोगातले सहभागीच होते. त्यांना त्याबद्दल कोणी विचारले नव्हते, आणि मोबदला देण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मग उत्साह कशाचा? याचे उत्तर अभियांत्रिकीत कमी आणि जमाखर्चात अधिक सापडते. मोठे आरसे वारा अडवतात, आणि वारा अडला की डिझेल जळते. आरसे काढल्याने एक ते तीन टक्क्यांपर्यंत इंधन वाचते असे उत्पादक सांगतात. अमेरिकेत लांब पल्ल्याचा एक ट्रक वर्षाला सुमारे एक लाख मैल धावतो असे धरले आणि गॅलनला साडेसहा मैल हा हिशेब लावला, तर त्याला वर्षाला १५ हजार गॅलनांहून थोडे अधिक डिझेल लागते. त्याचे दोन टक्के म्हणजे तीनशे गॅलन. गॅलनला चार डॉलर भाव धरला तर ट्रकमागे बाराशे डॉलर. दहा हजार ट्रक बाळगणाऱ्या कंपनीला हा आकडा वर्षाला एक कोटी वीस लाख डॉलरचा होतो. जीव वाचतात ही गोष्ट सुरक्षा प्रशासनाला सांगावयाची आणि डिझेल वाचते ही गोष्ट भागधारकांना सांगावयाची, अशी ही वाटणी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. परंतु त्यांपैकी दुसरी नसती तर पहिलीसाठी इतकी धावपळ झाली असती काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे.

त्याचे उत्तर मिळावयाचे तर ट्रकभोवतीचा हा आंधळा टापू मुळात जन्मला कसा, हे पाहावे लागते. युरोपात ट्रेलरसह संपूर्ण वाहनाची लांबी कायद्याने मर्यादित आहे. साधारणतः साडेसोळा मीटर. एकूण लांबी ठरलेली आणि भाडे मिळते ते मालाच्या लांबीचे. तेव्हा चालकाच्या खोलीसाठी जितकी कमी जागा सोडावी तितका नफा अधिक. परिणामी खोली इंजिनावर चढली, तिचा पुढचा भाग भिंतीसारखा सपाट झाला, आणि चालक जमिनीपासून इतका उंच जाऊन बसला की त्याच्या पुढ्यात उभा असलेला माणूस किंवा पदपथाच्या बाजूने आलेला सायकलस्वार त्याला दिसेनासा झाला. तो दोष चालकाच्या डोळ्यांचा कधीच नव्हता. मालासाठी अधिक जागा काढताना जी जागा कापली गेली ती पादचाऱ्याची होती. मग त्या आंधळ्या टापूवर उपाय म्हणून एकामागून एक आरसे लावण्यात आले. मुख्य आरसा होताच. त्याला विशाल कोनाचा जोडला गेला, मग दारावरून खाली पाहणारा आणि नंतर पुढच्या बाजूचा. २००३ च्या युरोपीय निर्देशाने नव्या वाहनांसाठी हे दृष्टिक्षेत्र वाढविले, आणि २००७ च्या निर्देशाने २००० सालापासून नोंदलेल्या जुन्या ट्रकांनाही २००९ च्या मार्चअखेरपर्यंत असे आरसे बसविणे भाग पाडले. चालकाने पुढचा रस्ता पाहता पाहता हे सर्व आरसेही पाहावेत अशी अपेक्षा होती. त्याच्या डोळ्यांची संख्या मात्र दोनच राहिली.

कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगांच्या सामाजिक खर्चावर एक ग्रंथ लिहिला होता. उत्पादनाचा जो खर्च उद्योजक स्वतः सोसत नाही आणि तिसऱ्याच्या किंवा समाजाच्या माथी मारतो, तो त्याच्या हिशेबवहीत दिसत नाही, पण तो नाहीसाही होत नाही, हे त्या ग्रंथाचे सूत्र आहे. ट्रकचा आंधळा टापू हे त्याचे चालते-बोलते उदाहरण होय. लंडनच्या वाहतूक संस्थेने या विषयावर योजना आखताना जी आकडेवारी दिली होती तीनुसार, तीन वर्षांच्या काळात शहरातील एकूण वाहन-प्रवासात अवजड ट्रकांचा वाटा फक्त ४ टक्के असताना सायकलस्वारांच्या ६३ टक्के आणि पादचाऱ्यांच्या २५ टक्के मृत्यूंत असे ट्रक गुंतलेले होते. मालाच्या भाड्यात या मृत्यूंची किंमत कधीच धरलेली नव्हती.

लंडनने यावर जो मार्ग काढला तो कॅमेऱ्याच्या चर्चेत फारसा सांगितला जात नाही, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य होईल. १२ टनांहून अधिक वजनाच्या प्रत्येक ट्रकला, चालकाला उघड्या डोळ्यांनी थेट किती दिसते यावरून शून्य ते पाच तारे देण्यात आले. २०२१ च्या मार्चपासून परवान्याशिवाय शहरात ट्रक आणण्यास बंदी आणि दंड लागू झाला. त्या वेळी किमान एक तारा पुरत असे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ही मर्यादा तीन ताऱ्यांवर नेण्यात आली, आणि ज्यांचे तारे कमी त्यांनी संवेदक, कॅमेरे व इशारा देणाऱ्या यंत्रणा बसवाव्यात अशी अट घालण्यात आली. यातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी खिडकी आणि मग कॅमेरा. थेट दृष्टी हे मूळ आणि यंत्र हे तिच्या उणिवेवरील उतारा. लीड्स विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की आरशातून किंवा पडद्यावरून पाहणाऱ्या चालकाची प्रतिक्रिया थेट पाहणाऱ्यापेक्षा सुमारे ०.७ सेकंदाने उशिरा होते. ताशी १५ मैल वेगाने जाणारा ट्रक एवढ्या वेळात ४.७ मीटर पुढे सरकतो. शाळेतून परतणाऱ्या मुलासाठी हे अंतर पुरेसे आहे. युरोपीय संघानेही २०१९ च्या सर्वसाधारण सुरक्षा नियमाने आंधळ्या टापूतील सायकलस्वाराची व ट्रकसमोर उभ्या माणसाची सूचना देणारी यंत्रणा नव्या ट्रकांना सक्तीची केली, आणि थेट दृष्टीची अट २०२६ पासून नव्या नमुन्यांना व २०२९ पासून सर्व नव्या ट्रकांना लागू करण्याचे ठरविले. यंत्रांची सक्ती आधी झाली आणि खोलीची रचना बदलण्याची मागाहून. कारण उघड आहे. यंत्र विकता येते. खोलीची रचना बदलावयाची म्हणजे कारखान्यातील साचेच बदलावे लागतात.

अमेरिकेत खोलीची रचना वेगळी आहे. तेथील लांब पल्ल्याचे ट्रक बहुधा पुढे नाक असलेले असतात. परंतु कायद्याची गंमत तेथे अधिक आहे. वाहन उत्पादनाचे मानक एका संस्थेकडे आणि वाहतुकीचे नियम दुसऱ्या संस्थेकडे असल्यामुळे, नवा ट्रक कारखान्यातून आरशांसहच बाहेर पडला पाहिजे असे एक म्हणते, आणि मान्य कॅमेरे असतील तर वाहतूक कंपनीने आरशांविना ट्रक चालविण्यास हरकत नाही असे दुसरी म्हणते. उत्पादनाचे मानक बदलावे अशी मागणी मोटार कंपन्यांच्या संघटनेने व टेस्लाने २०१४ मध्येच केली होती, आणि त्यावर मते मागविणारी पहिली सूचना २०१९ च्या ऑक्टोबरात निघाली. वाहतूक कंपन्यांना मिळालेली सूट ज्या कसोटीवर मिळाली ती अशी: नियम पाळल्याने जेवढी सुरक्षा मिळते तेवढी किंवा तीहून अधिक सुरक्षा सूट घेऊनही मिळाली पाहिजे. कसोटी योग्य आहे. पण सुरक्षा म्हणजे केवळ काचेची गुणवत्ता नव्हे. पडद्यापुढे बसलेला माणूस कितव्या तासाला बसला आहे, हाही सुरक्षेचाच भाग आहे आणि तो या कसोटीत येत नाही.

१९३८ च्या अमेरिकन श्रममानक कायद्याने चाळीस तासांनंतरच्या कामाला दीडपट मजुरी दिली, पण आंतरराज्य ट्रकचालकांना त्यातून वगळले. १९८० च्या मोटर वाहक कायद्याने या धंद्यावरील नियंत्रणे उठविली, भाड्यांत जीवघेणी स्पर्धा सुरू झाली आणि संघटित चालकांचे वेतन घसरत गेले. मायकेल बेल्झर यांनी २००० साली या स्थितीवर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'स्वेटशॉप्स ऑन व्हील्स' असे आहे. बहुतेक चालकांना मैलामागे पैसे मिळतात. गोदामाच्या दारात ताटकळत घालविलेले तास बहुधा बिनपगारी असतात. ज्याला मैलाचे पैसे मिळतात तो ताटकळण्याची भरपाई वेगाने आणि जागरणाने करतो. याउलट, १९९७ साली तेथील एका फार मोठ्या वाहतूक कंपनीने चालकांचे वेतन सुमारे एक तृतीयांशाने वाढविले तेव्हा सोडून जाणाऱ्यांची संख्या आणि अपघात दोन्ही घटले, असे बेल्झर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. वेतनवाढ हे सुरक्षेचे सिद्ध झालेले साधन आहे. परंतु त्यासाठी कोणी सूट मागण्यास प्रशासनाच्या दारात जात नाही, कारण वेतनवाढीने डिझेल वाचत नाही.

आरसा आणि कॅमेरा यांत आणखी एक भेद आहे. आरशाला स्मृती नसते. त्यात जे दिसते ते फक्त चालकाला दिसते आणि क्षणात नाहीसे होते. कॅमेऱ्याचे चित्र साठविता येते, दूर पाठविता येते आणि मालकाच्या कार्यालयात बसून पाहता येते. आरशाऐवजी बसविलेला कॅमेरा चित्रण करतोच असे नाही. परंतु तारा, पडदे आणि संगणक एकदा ट्रकमध्ये आले की पुढचे पाऊल फार लहान असते. चालकाच्या चेहऱ्यावर रोखलेले कॅमेरे अमेरिकेतील अनेक कंपन्यांनी आधीच लावले आहेत. अपघातानंतर चित्रण मालकाच्या ताब्यात असणार. ते चालकाच्या बाजूचे असले तर ते त्याला मिळेल काय, आणि विरुद्ध असले तर ते किती तत्परतेने पोलिसांकडे जाईल, याचा अंदाज करण्यास कामगार न्यायालयाचा थोडाफार अनुभव पुरेसा आहे.

आता आपल्याकडे वळू. येथे आरसा हा कायद्याने सक्तीचा आहे, पण भारतीय ट्रकचा खरा आरसा काचेचा कधीच नव्हता. तो डाव्या बाजूच्या आसनावर बसलेला क्लीनर होता. गाडी मागे घेताना खाली उतरून बॉडीवर थापा मारीत 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणणारा, घाटात चाकाखाली दगड लावणारा, ताडपत्री आवळणारा, डाव्या बाजूने घुसणाऱ्या दुचाकीला हात दाखविणारा, पहाटे तीन वाजता चालकाला डुलकी लागू नये म्हणून बोलत राहणारा. ट्रकच्या पाठीवर लिहिलेले 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये बंद केले. त्या शब्दांचा अर्थ काही असो, मागचे पाहण्याचे काम मागून येणाऱ्यावर सोपविल्याची ती जाहीर कबुलीच होती. क्लीनरची नजर ही त्या व्यवस्थेतील एकमेव जिवंत तरतूद होती.

२०२५ साली महाराष्ट्रातील माल वाहतूकदारांनी संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत, अवजड वाहनावरील क्लीनरची सक्ती रद्द करा, ही एक मागणी होती. त्यानंतर, कॅमेरे व संवेदकांची चालक-सहायक प्रणाली बसविलेल्या अवजड वाहनांना क्लीनर ठेवण्यातून सूट देण्याची तरतूद राज्य शासनाने पुढे आणली. युरोपात कॅमेऱ्याने आरसा हटविला. महाराष्ट्रात त्याने माणूस हटविण्याचा मार्ग खुला केला आहे. यामागील अर्थशास्त्र अवघड नाही. वाऱ्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अमेरिकेच्या महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या ट्रकला आरसे काढून जे वाचते, ते ताशी चाळीस-पन्नासच्या सरासरीने नाके, घाट आणि गावे ओलांडणाऱ्या आपल्या ट्रकला वाचणार नाही. येथे कॅमेऱ्याचा खर्च वसूल व्हावयाचा तर तो डिझेलमधून होणे कठीण आहे. तो क्लीनरच्या पगारातून आणि भत्त्यातून होईल.

याचा अर्थ क्लीनरची नोकरी जशी आहे तशी चिरंतन राहावी असा नाही. त्या नोकरीत सुखाचे काही नाही. तो कोणाच्या हजेरीपटावर नसतो, पुष्कळदा कोवळ्या वयाचा असतो, बहुधा त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही की विमा नाही, आणि गाडी मागे घेताना ज्या आंधळ्या टापूची तो राखण करतो त्याच टापूत उभा असल्यामुळे पहिला बळीही तोच ठरतो. एका माणसाला दुसऱ्याचा आरसा करून ठेवणारी व्यवस्था टिकावी असे समाजवाद्याने म्हणण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याने त्याची त्या जागेतून सुटका होत असेल तर ती व्हावी. प्रश्न असा आहे की तो सुटून जातो कोठे? क्लीनर हा उद्याचा चालक असतो. या देशात ट्रकचालकांचे खरे विद्यालय म्हणजे ट्रकची डावी बाजू. चार-पाच वर्षे तेथे बसून मुलगा रस्ता, घाट, यंत्र आणि माल शिकतो, आणि या शिक्षणाचा खर्च त्याचे कुटुंब अर्ध्या मजुरीच्या रूपाने सोसते. चालक मिळत नाहीत अशी तक्रार करणारे वाहतूकदारच हे विद्यालय बंद करू पाहत आहेत, आणि त्याच्या जागी दुसरे काढण्याचा खर्च उचलण्याची तयारी मात्र कोणी दाखविलेली नाही.

आणि मागे उरतो तो चालक, एकटा. पूर्वी दोघांत वाटले जाणारे काम आता तो एकटा करणार. ताडपत्री, चाक, रात्रीची राखण आणि पडदे. मोटर वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत विलीन करण्यात आला, पण लांब पल्ल्याच्या चालकाच्या आयुष्यात ही मर्यादा कायद्याच्या पुस्तकाबाहेर क्वचितच आली. फेरीवर पैसे मिळणाऱ्याला घड्याळ लागू होत नाही. त्यात भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमाने, अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली. २०२४ च्या जानेवारीत देशभर चालक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे ते उपकलम स्थगित राहिले, आणि त्या वर्षी १ जुलैला संहिता लागू झाली ती त्या उपकलमाशिवाय. चालकाची भीती अनाठायी नव्हती. उद्या कॅमेऱ्याच्या भिंगावर पावसाळ्यातील चिखल बसला, घाटातील हादऱ्यांनी तार सुटली, पडदा काळा झाला आणि त्याच क्षणी डाव्या बाजूला कोणी आले, तर न्यायालयापुढे उभा कोण राहील? आरसा फुटला तर कोणत्याही गावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नवा मिळतो आणि चालक तो स्वतः बसवितो. कॅमेरा बिघडला तर तो दुरुस्त करणारा माणूस शंभर किलोमीटरवर असेल, माल मात्र सकाळपर्यंत पोहोचला पाहिजे असा फोन येईल, आणि चालक डोळे मिटून, म्हणजे शब्दशः डावी बाजू न पाहता, गाडी हाकील.

भारतात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत पायी चालणारे आणि दुचाकीवरचे फार मोठ्या संख्येने होते. हे मृत्यू थांबवू शकणारे यंत्र नाकारण्याचा विचार कोणी करणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अवजड वाहनांना आपोआप ब्रेक लावणाऱ्या, चालकाच्या डुलकीची सूचना देणाऱ्या आणि रांग सोडल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणा सक्तीच्या करण्याचा मसुदा २०२५ मध्ये काढला, आणि चालकाच्या खोलीत वातानुकूलनाची अट १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना लागू केली. चाळीस अंशांच्या उन्हात इंजिनाशेजारी बसणाऱ्या माणसाला थंड हवा मिळणे हे कॅमेऱ्याइतकेच सुरक्षेचे साधन आहे, आणि ते मिळण्यास स्वातंत्र्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षे जावी लागली.

सूट द्यावयाचीच असेल तर तिला अटी हव्यात, आणि त्या नियमाच्या मजकुरातच हव्यात, मंत्र्यांच्या भाषणात नव्हे. कॅमेरे असले तरी आरसे कायम राहावेत, निदान येथील धूळ आणि पाऊस त्या भिंगांनी दोन-चार वर्षे सोसून दाखवीपर्यंत. पडदा बंद पडल्यास गाडी उभी करण्याचा चालकाला लेखी हक्क असावा, आणि त्या उभ्या तासांचे पैसे मालकाने द्यावेत. यंत्रणेची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी असावी. चालकाच्या फेरीच्या हिशेबातून ती कापली जाऊ नये. चित्रण होत असेल तर त्याची प्रत अपघातानंतर चालकाला मागताक्षणी मिळावी. आणि ज्या वाहनावरून क्लीनर उतरविला त्या वाहनाने वाचविलेल्या मजुरीचा काही भाग चालक प्रशिक्षणासाठी एका निधीत भरला जावा. महाराष्ट्राने १९६९ च्या कायद्याने माथाडी कामगारांसाठी मंडळे उभारली तेव्हा, मालक निश्चित नसलेल्या कामगाराचीही लेव्ही गोळा करता येते, हे या राज्याने सिद्ध केलेले आहे. ज्या बाजारपेठांत माथाडी मंडळाची नोंदवही चालते तेथेच हे ट्रक भरतात आणि रिकामे होतात. तेव्हा हे अशक्य आहे, हा युक्तिवाद निदान महाराष्ट्रात कोणी करू नये.

मोटार वाहन कायद्याखालील नियमांचे मसुदे राजपत्रात प्रसिद्ध होतात, आणि हरकती व सूचनांसाठी साधारणतः तीस दिवस मिळतात. वाहतूकदारांच्या संघटना त्या मुदतीत वकिलांकरवी निवेदने देतात. चालकांच्या आणि क्लीनरांच्या बाजूने आलेली पत्रे क्वचितच असतात, कारण मसुदा निघाला आहे हेच त्यांना ठाऊक नसते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर, भिवंडीच्या गोदामांपुढे आणि न्हावा-शेव्याच्या रांगांत रात्र काढणाऱ्या माणसांपर्यंत पुढचा मसुदा मराठीत आणि हिंदीत पोहोचविणे, त्यांच्या हरकती लिहून घेणे आणि सह्या-अंगठ्यांसह त्या तीस दिवसांच्या आत परिवहन आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करणे, हे काम त्या त्या भागातील शाखांनी आतापासूनच वाटून घ्यावयास हवे.